खांडीचं नाव

गोदूबाईने तेलाचा रिकामा डबा काखेत धरला आणि धुण्याच्या धोपाटण्याने तो बडवायला सुरुवात केली.

“खांड गेली गो! भायेर या! खांड गेली!”

डबा बडवणं हे ढोबीखारात बाईचं काम नव्हे. खाडीचा बांध फुटून खांड पडली की गावातल्या जाणत्या पुरुषाने डबा बडवायचा आणि घरटी एका पुरुषाने फावडं घेऊन बांधावर हजर व्हायचं, अशी तिथली रीत. पण आज ते जाणते, म्हणजे महिपतीआबा, स्वतःच बांधावर डोक्याला हात लावून बसले होते, आणि घरटी एक पुरुष पहाटेच मोटारसायकलवरून डोलवीच्या कारखान्यात पहिल्या शिफ्टला गेला होता. एकदा आत गेलं की फोन लॉकरमध्ये आणि माणूस शेडमध्ये. शिफ्ट सुटेपर्यंत दोघांची गाठ नाही. रीत पाळायला माणूसच उरला नाही तर रीतीने काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं. गोदूबाईने विचारत बसण्यापेक्षा डबा बडवला.

दिवस पिठोरीच्या अवसेचा होता. लेकराबाळांसाठी उपास धरलेल्या बायका कुणी अंगण सारवत होत्या, कुणी पूजेला रानातली रोपं जमवत होत्या. शेणाच्या हातांनी तशाच धावत आल्या. सगळ्यांत पुढे होती सरू, महिपतीआबांची सून. बांधावर चढल्यावर तिने एकदाच खाली पाहिलं आणि पदर कमरेला खोचला.

खांड बैलगाडी आरपार जाईल एवढी होती. रात्रीच्या उधाणात शिवारात शिरलेलं पाणी आता ओहोटीबरोबर त्याच भगदाडातून खळखळत खाडीकडे परत चाललं होतं, आणि जाताजाता दोन्ही कडांची माती ओढून नेत होतं. आत महिन्याभरापूर्वी लावलेलं भात शेंड्यापर्यंत खाऱ्या पाण्यात होतं. भाताकडे कुणी फारसं बघितलं नाही. ते गेलंच होतं. बायका बघत होत्या त्या भाताच्या पलीकडे, गावाच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे.

“आबा,” सरू म्हणाली, “तळं?”

“वाचलं. पाळीच्या वर यायला चार बोटं कमी पडली पाण्याला.”

“आणि दुपारी?”

महिपतीआबांनी खाडीकडे बघितलं. पंचाहत्तरीचा तो माणूस तिथीवरून भरतीची वेळ सांगायचा आणि ती चुकायची नाही. वेळ अजूनही चुकत नव्हती. उंची चुकायला लागली होती. त्यांच्या आज्याने बांधावरच्या म्हसोबाचा चौथरा बांधला तेव्हा सांगितलं होतं, उधाण देवाच्या पायाशी येईल, पाया पडेल आणि मागे जाईल. गेल्या काही वर्षांत ते देवाच्या गुडघ्याला लागत होतं. समुद्र तापलाय, फुगलाय, असं टीव्हीवर सांगत. आबांचा टीव्हीवर विश्वास नव्हता आणि आता चौथऱ्यावरही राहिला नव्हता.

“दुपारचं रातच्याहून मोठं,” ते म्हणाले. “पाळ नाय टिकायची.”

पुढचं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तळं खारं झालं की काय होतं, ते गावाने नुकतंच भोगलं होतं. मागच्या दिवाळीत असंच पाणी शिरलं. तळ्यातले मासे उलटे झाले, आणि माघापासून गावाला टँकर लागला. टँकर गावात यायचा नाही, रस्ता कच्चा. तो उभा राहायचा वडखळच्या अलीकडे, हायवेच्या कडेला, ट्रकच्या रांगेत. बायकांनी निळी पिंपं टेम्पोत घालून तिथे न्यायची आणि पाइप हातात यायची वाट बघायची. पाइप कुणाला आधी द्यायचा, कुणाला ताटकळत ठेवायचं, कुणाला पाणी भरताना काय बोलायचं, हे सगळं टँकरवाल्याच्या मर्जीवर. पाणी पुरुषांना लागतं, पण आणायचं बाईने. आणि बाई पाण्याला गेली की तिची लाज टेम्पोत पिंपांबरोबर ठेवलेली असते, कुणीही यावं, हात लावावा.

फाल्गुनात एक दिवस सरूची लेक भाविका पाइपासाठी उभी होती. पेणच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेली पोर, अंगाने उंच, तोंडाने फटकळ. टँकरवाला म्हणाला, आधी फोनचा नंबर दे. ती म्हणाली, आधी पाणी दे. त्याने तिचं मनगट धरलं. भाविकाने दुसऱ्या हातातली कळशी त्याच्या कपाळावर घातली.

कपाळाला टाके पडले. सरू म्हणाली, चला चौकीत, तक्रार देऊ. त्यावर गावातले पुरुष देवळात बसले आणि बराच विचार करून ठरवलं की पोरीचं नाव चौकीत लागायला नको. तिचं नाव वाचवायचं म्हणून तक्रार नाही. तिचं नाव वाचवायचं म्हणून कॉलेज बंद. तिचं नाव वाचवायचं म्हणून पाण्याला जाणं बंद, बांधावरून फिरणं बंद. टँकरवाला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी हजर होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि वर त्याला मुलींची सुरक्षा असं नाव. कॉलेज बंद करायचा शब्द महिपतीआबांचा होता. तेव्हापासून त्यांनी नातीचं नाव घेतलेलं नव्हतं. घरात ती ‘ती’ होती. आणि इतकं सगळं नाव वाचवूनही गडबपासून नागोठण्यापर्यंतच्या सोयऱ्याधायऱ्यांत ते पोचलंच होतं.

“मिटवू या खांड,” सरू म्हणाली.

“कोण?” आबांनी विचारलं.

“हे काय, उभ्या हाव की एवढ्या जणी.”

“खांड मिटवनं म्हंजे भाकऱ्या थापनं नाय गो. बाप्ये येऊंदे शिफ्टवरून.”

“बाप्ये येतील तवा तळ्यात खाडीचा जिताडा खेळेल, आबा.”

वैशाली, गावातली सर्वांत नवी सून, फिस्सकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. गोदूबाईने डबा खाली ठेवला. तिने आबांकडे पाहिलं नाही, खांडीकडे पाहिलं.

“गोणी आना गो. पेंढा आना. फावडी घरात हायेतच, ती काय शिफ्टला नाय गेली.”

बायका पांगल्या. आबा पुटपुटले की गोणी वाहून जातील, एवढ्या ओढीला गोण्या म्हणजे पापड. ते खरंही होतं. पहिल्या चार गोण्या माती भरून टाकल्या, त्या पाण्याने उचलल्या आणि बाहेर खाडीत नेऊन ठेवल्या. बायका कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. वैशालीने सासरच्या भाषेत आणि माहेरच्या भाषेत अशा दोन शिव्या दिल्या.

तेवढ्यात गावाकडून गडगडाट ऐकू आला. बांधावरून एक निळं पिंप लोळत येत होतं आणि त्याच्यामागे, ते पायाने ढकलत, भाविका येत होती. अंगात गाऊन, त्यावर ओढणी, केस कसेबसे गुंडाळलेले. इतक्या महिन्यांनी ती बांधावर दिसत होती. आबांनी तोंड फिरवून खाडीकडे केलं.

“गोणी जातात,” भाविका धापा टाकत म्हणाली. “हे आडवं घालू या. आत चिखल ठासायचा. दोन्ही कडांना एकावर एक, मधे पेंढा नि माती.”

गोदूबाईने पिंपावर हात ठेवला. टँकरचं पाणी भरायचं पिंप. प्रत्येक घरात एक होतं, कुणाकडे दोन. घरात फ्रीज नसला तरी चालेल, पिंप हवं, असे दिवस होते.

“पिंपं यात गेली तर टँकरचं पानी कशात भरशील गो?”

“भरायचंच नाय,” भाविका म्हणाली. “म्हनून तर आनलंय.”

सरूने लेकीकडे बघितलं. मग पिंपाला खांदा लावून ते कडेवर आणलं आणि फावड्याने पहिला चिखल आत मारला. तिच्यानंतर वैशाली गावाकडे पळाली. तिच्यामागून बाकीच्या. थोड्या वेळात बांधावर पिंपांची रांग लागली. एकीच्या पिंपावर तिच्या नवऱ्याचं नाव पांढऱ्या रंगात घातलेलं होतं, म्हणजे हायवेवर अदलाबदल होऊ नये. तेही गेलं चिखलात. एक म्हातारी तेवढी अडली, तिचं पिंप नवीन होतं. गोदूबाई म्हणाली, “ठेव बाय तुझं. उद्या त्यात टँकरवाल्याची आरती भरून आन.” म्हातारीने ते स्वतः ढकललं.

जुन्या मिठागराच्या उंचवट्यावरची चिकणमाती चांगली होती. तिथपासून खांडीपर्यंत बायकांची रांग लागली आणि ढेकळं हातोहात सरकायला लागली. हंडे असेच सरकवायची सवय होती; हंड्याला निदान काठ असतो, ढेकूळ पोटाशी धरावं लागत होतं एवढाच फरक. कडेची पिंपं बसली. पाणी मधल्या जागेतून अधिकच जोर करून धावायला लागलं. आता तिथे कुणीतरी उभं राहायला हवं होतं.

खांड मिटवताना मधे एक माणूस लागतोच. त्याने पाण्याच्या ओढीत पाय रोवायचे, पडणारा पेंढा आणि माती पायाखाली तुडवत राहायचं. माती वर चढेल तसं त्यानेही वर चढायचं. तो हलला तर सगळं गेलं. म्हणून खांड मिटली की तिला त्याचं नाव पडतं. ढोबीखारचा बांध अशा नावांनीच मोजला जातो. धर्माची खांड, बुध्याची खांड, दोघा भावांची जोडखांड. ती माणसं कधीची गेली, त्यांच्या घरांची जोती राहिली नाहीत, पण आजही कुणी म्हणतं, गाय बुध्याच्या खांडीवर चरतेय, किंवा कोळंबी धर्माच्या खांडीपाशी लागलीय. पत्ता विचारणाऱ्यालाही तेच सांगतात. एवढ्या लांब बांधावर बाईचं नाव एकही नव्हतं.

“मी र्‍हाते उभी,” सरू म्हणाली.

“थांब,” गोदूबाई म्हणाली. ती इतका वेळ सगळ्यांत पुढे होती, पण आता तिचाही आवाज खाली आला. “उभी र्‍हाशील तिचं नाव पडल बांधाला. लगीन झालेली बाय तू. उठता-बसता बाप्ये तुझं नाव घेतील, गुरं तुझ्या नावावर चरतील. जगनला चालल?”

जगन म्हणजे सरूचा नवरा, महिपतीआबांचा मुलगा. त्याला काय चाललं असतं हे सरूला नेमकं ठाऊक होतं. तिने ओठ आवळले. वैशालीने पायाकडे पाहिलं. तिचं तर नाव घ्यायलाही सासरी अजून कुणी शिकलं नव्हतं, अमोलची बायको म्हणायचे. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. चिखलाला कुणी भ्यालं नव्हतं, पाण्याला भ्यालं नव्हतं.

“बाईचं नाव कुनाच्या तोंडी पडू नाय,” कुणीतरी म्हणालं. सगळ्यांच्या आयांनी सगळ्यांना सांगितलेलं वाक्य.

भाविकाने ओढणी काढून आईच्या हातात दिली.

“माझं पडलंय की,” ती म्हणाली. “मी उतरते.”

आणि ती उतरली. पाणी मांड्यांपर्यंत आलं. पहिल्या झटक्याला ती हातभर सरकली, पिंपाची कड धरली, पुन्हा मधे आली. सरूच्या हातातली ओढणी पिळल्यासारखी झाली होती, पण तिने ‘वर ये’ म्हटलं नाही.

“पेंढा टाका!” भाविका ओरडली. “बघत काय बसल्याव?”

पेंढा पडला, माती पडली. ती तुडवत राहिली. माती खालून निसटत होती, पुन्हा पडत होती. महिपतीआबा आता खाडीकडे बघत नव्हते. त्यांना बघवत नव्हतं, आणि ज्याने आयुष्यभर बांध राखला त्याला न बघताही राहवत नव्हतं. शेवटी ते सरूला म्हणाले,

“तिला सांग, पाय जवळ नको. रुंद ठेव. आनि टाचेनं तुडव, बोटांनी नाय.”

ती त्यांच्यापासून दोनच हातांच्या अंतरावर होती. तिला ऐकू आलं होतं. तिने पाय रुंद केले आणि वर न बघता म्हणाली,

“आई, आबांना सांग, पेंढा उभा पडतोय. आडवा टाकायला सांग.”

“आडवाच टाका गो,” आबा रांगेला म्हणाले. “खाडीच्या अंगाला शेंडे.”

“आबांना सांग, बरं झालं बोलले.”

“तिला सांग, तोंड कमी चालव, पाय चालव.”

रांगेत खसखस पिकली. हात थांबले नाहीत. ऊन ढगांतून डोकावून पुन्हा आत गेलं. कधीतरी, कुणाच्या लक्षात येण्याआधी, खळखळ थांबली. पाणी बाहेर जायचं बंद झालं होतं. जरा वेळ ते नुसतं उभं राहिलं आणि मग खाडीकडून आत यायला लागलं. भरती लागली.

“जोर करा!” आबा उठले. पहिल्यांदाच उठले. “आता वाढल. आता एक ढेकूळ थांबवू नका.”

माती आता भाविकाच्या गुडघ्यापर्यंत घट्ट झाली होती. ती एक पाय उपसून वर ठेवायची, मग दुसरा. बाहेरच्या अंगाने पाणी चढत होतं आणि आतून माती. दोघांत कोण आधी वर पोचतं, एवढाच प्रश्न उरला होता. गोदूबाईच्या हाताची साल गेली होती. उपाशी पोटी काम करणाऱ्या बायका आता बोलतही नव्हत्या. फक्त भाविका बोलत होती, कारण तिला गप्प बसता येत नसे.

“आई, आबांना सांग, सोमवारपासनं मी कॉलेजला जानार.”

सरूने ढेकूळ पुढे दिलं आणि सासऱ्याकडे पाहिलं.

“तिला सांग, ही येळ हाय व्हय ते बोलायची?”

“हीच येळ हाय. आता ते मला घरात जा म्हनू शकत नाय.” भाविकाने टाच रोवली. “आनि बांधावरनंच जानार म्हनावं. मी मिटवलेल्या बांधावर मला कोन अडवतंय बघते.”

आबांनी डोक्याची टोपी काढून खिशात घातली, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि रांगेत शेवटून दुसऱ्या जागी, गोदूबाई आणि वैशालीच्या मधे, उभे राहिले. वैशालीला सासरच्या गावच्या वडीलधाऱ्याच्या हातात चिखल कसा द्यावा कळेना. “दे गो,” ते म्हणाले, “काय वळख काढायचीय का आता?”

ऐन भरतीच्या आधी डावीकडचं एक पिंप हललं. त्याच्याखालून पाण्याची मनगटाएवढी धार आत शिरली. भाविकाने तिकडे वळायला कंबर फिरवली.

“हलू नको पोरी!” आबा ओरडले. सरूला सांगायचं ते विसरले. “तू हलू नको! पाठ टेकव पिंपाला, पाठ टेकव! आम्ही भरतो!”

तिने पाठ टेकवली आणि डोळे मिटले. आबांनी स्वतः पोटावर आडवं होऊन, म्हाताऱ्या हातांनी, त्या धारेच्या तोंडात पेंढ्याची मूठ कोंबली. गोदूबाईने त्यावर ढेकूळ बसवलं, सरूने त्यावर दुसरं, वैशालीने त्यावर गुडघा. धार बारीक झाली, मग नुसती ओल राहिली.

उधाण आलं. म्हसोबाच्या गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं. नव्या मातीच्या वर वीतभर जागा ठेवून ते बराच वेळ तसंच उभं राहिलं. बायकाही उभ्या राहिल्या. मग देवाच्या मांडीवर ओली रेघ दिसली आणि पाणी त्या रेघेच्या खाली गेलेलं होतं.

कुणी आरोळी ठोकली नाही. वैशाली मटकन खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडतारडता म्हणाली की भूक लागलीय. तळं शिवारापलीकडे निवांत होतं, त्यात एक बगळा उभा होता. सरूने लेकीला दोन्ही हातांनी वर ओढलं. भाविकाचे पाय पांढरेफटक पडले होते आणि शिंपल्यांनी ठिकठिकाणी कापले होते. ती बांधाच्या आतल्या बाजूला पाण्यात पाय सोडून बसली.

गोदूबाईने पदराने तोंड पुसलं.

“आबा, नाव ठेवा खांडीचं.”

हाही जाणत्याचाच मान. ओंजळभर पाणी नव्या मातीवर सोडायचं आणि नाव उच्चारायचं. महिपतीआबा नव्या बांधावरून पाय दाबत चालत होते, जणू फार महत्त्वाचं काही तपासायचं आहे.

“बाप्ये येऊंदे,” ते म्हणाले. “मग बघू.”

“मिटवली आम्ही नि नाव ठेवायला बाप्ये?”

“बघू म्हटलं ना.”

गोदूबाईने धोपाटणं उचललं. क्षणभर वाटलं, ते ती डब्यावर मारणार नाही. पण सरूने तिच्या हातावर हात ठेवला. भाविका मागे वळून बघत नव्हती. तिने नुसतं पाणी ओंजळीत घेतलं आणि पायाच्या जखमेवर सोडलं.

पुरुष आले ते वरातीमागून घोडं यावं तसे. शिफ्ट सुटल्यावर फोन हातात आले होते, फोनवर बायकांचे चुकलेले कॉल होते, आणि आता वडखळच्या बाजूने मोटारसायकली बांधाच्या तोंडाशी टाकून ते फावडी, बांबू घेऊन एकामागोमाग एक धावत येत होते. पुढे जगन, मागे अमोल, त्यांच्यामागे बाकीचे. बांधावर एका वेळी एकच माणूस चालू शकतो. लांबून ते थांबले. त्यांना खांड शोधायची होती आणि ती कुठेच दिसत नव्हती. सगळा बांध इथून तिथून सलग होता.

“आबाऽ! खांड कुठं हाय?” जगनने हाक दिली. खाडीवरचा वारा त्यांच्या दिशेने नव्हता, शब्द तुटत होते.

“हिकडं!” आबांनी हात हलवला.

“कुनाच्या खांडीवर?”

“धर्माच्या खांडीच्या अलीकडं!”

वाऱ्याने ‘अलीकडं’ खाल्लं. जगन वळला आणि सगळी रांग घेऊन धर्माच्या खांडीकडे, म्हणजे वळसा घालून पलीकडून तिथे पोचणाऱ्या नेमक्या उलट बाजूच्या फाट्याने, धावायला लागला.

“गेले बघा,” गोदूबाई म्हणाली. “आता धर्माची खांड मिटवून येतील.”

“अरे तिकडं नायऽ!” आबा ओरडले. जगन थांबला. त्याने हात कानाशी नेला. मागे सगळे एकमेकांवर आदळून थांबले.

“मग कुनाच्या?”

आयुष्यभर या बांधावर महिपतीआबांनी माणसांना जागा सांगितल्या होत्या आणि एकही चुकीची सांगितली नव्हती. त्यांनी खाली पाहिलं. नवी माती, तिच्यात दोन पायांचे खोल ठसे, रुंद, टाचेवर जोर दिलेले. अजून ओले. ते वाकले, बाहेरच्या अंगाने एक ओंजळ पाणी घेतलं आणि त्या ठशांवर सोडलं. मग उभे राहून दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

“भाविकाच्याऽ!”

“कुनाच्याऽ?”

वाऱ्याचा दोष होता की जगनच्या कानाचा, सांगता येणार नाही. आबा म्हसोबाच्या चौथऱ्यावर चढले. देवाला पाय लागला तर लागला. गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत श्वास भरला आणि इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर काढावं तसे ओरडले,

“भाविकाच्या खांडीवर या रेऽ! भाविकाच्याऽ!”

तळ्यातला बगळा उडाला. भाविकाने पाय पाण्यातून वर घेतले आणि आईकडे हात केला. सरूने कमरेला खोचून ठेवलेली, चुरगळलेली ओढणी तिला दिली. तिने ती झटकली, चिखल उडाला, आणि खांद्यावर टाकली.

तिकडे जगन फावडं टेकून काही वेळ उभाच राहिला. मागचा अमोल त्याला विचारत असावा, कारण मग जगन अर्धवट वळला आणि त्याला सांगितलं. अमोलने त्याच्या मागच्याला सांगितलं. त्याने त्याच्या मागच्याला. बांधावरून एकामागोमाग एक पुरुष मान वळवून मागच्याला तेच सांगत गेला, आणि सांगून झाल्यावर एक एक जण बरोबर वाटेला लागला.